माझ्यात कुत्रा नाही

हो, काचेच्या आतून मीच बोलतोय. मखमलीच्या गादीवर निजवलेलं, हिरव्या कापडी बांधणीचं, म्हाताऱ्या राणीच्या राज्यात छापलेलं पुस्तक. माझ्या पोटात एक घड्याळजी आहे. तो पितळी कपाटासारखं एक यंत्र बनवतो, आत शिरतो आणि माणसांचं पुढे काय होणार ते बघायला निघतो. काळातून प्रवास करणारी कादंबरी म्हणून माझा केवढा गाजावाजा झाला! सगळ्या लंडनच्या तोंडी मी होतो. डोळ्यांपुढे मात्र फारसा कुणाच्या नव्हतो.

छापखान्यात मोठमोठ्या कागदांवर मला छापलं, घड्या घातल्या, दोऱ्याने शिवलं आणि कडा न कापताच दुकानात धाडलं. तेव्हा पद्धतच तशी होती. पानं घडीत एकमेकांना जोडलेली असत. वाचणाऱ्याने हस्तिदंती सुरी घ्यायची, एकेक घडी कापायची, की पुढची पानं उघडायची. त्यामुळे कुणी पुस्तक कुठवर वाचलं ते पुस्तक हातात घेताच कळे. आपल्या खोटेपणाचा असा पुरावा हे लोक घरोघरी फळीवर मांडून ठेवत, आणि तरी बेधडक खोटं बोलत.

मला विकत घेतलं सिरिल क्विलर नावाच्या तरुण वकिलाने. मिशांना मेण लावायला त्याला रोज जेवढा वेळ लागे, तेवढा त्याने मला दिला असता तरी माझं सोनं झालं असतं. त्याने पहिल्या दोन घड्या कापल्या, जांभई दिली आणि मला उशाशी ठेवून घोरू लागला. सकाळी मला रेशमी फीत बांधून तो लंडनच्याच क्लॅपहॅम भागात पॉमफ्रेंच्या घरी गेला.

मिस्टर पॉमफ्रे भिंतीवर चिकटवायच्या नक्षीदार कागदाचे व्यापारी. बायको वारलेली. हेस्टर ही एकुलती एक मुलगी. सिरिलने मला तिच्या हातात दिलं आणि छातीवर हात ठेवला.

"मिस हेस्टर, हीच प्रत मी ओळ न् ओळ वाचलीय. शेवटाला तर रडलो! म्हटलं, जिथे माझे अश्रू पडले तिथेच तुमची नजर फिरावी."

अश्रू! लाळ पडली होती थोडी, तीही बाहेरच्या कापडावर.

तो गेल्यावर हेस्टरने मला उघडलं. दोन घड्यांपुढे सगळी पानं जोडलेली. तिने एका घडीत बोट घातलं, वाकून आत डोकावली, मग फीत परत बांधली. चेहऱ्यावर राग नाही, हसू नाही. मला वाटलं, हीदेखील त्यातलीच.

त्या दिवसांत तिच्यापुढे पेच होता. लीड्समधल्या मुलींच्या एका शाळेने तिला शिकवायला बोलावलं होतं. तिला जायचं होतं. वडिलांना मात्र सिरिल जावई म्हणून हवा होता, आणि रविवारच्या चहाला त्याला उत्तर द्यायचं ठरलं होतं.

"पपा, मला नाही करायचं त्यांच्याशी लग्न."

"का पण? दारू पीत नाही, चर्चला जातो, वाचनाची आवड आहे. त्याच्यात एक खोट दाखव, एक! मग खुशाल जा तुझ्या त्या लीड्सला, धुराड्यांत."

"एक दाखवली तर जाऊ द्याल? शब्द?"

"शब्द. पॉमफ्रेचा शब्द आहे हा. आण ते पुस्तक इकडे. मीही वाचून बघतो, काय एवढं आहे त्यात."

दोन दिवस मी त्यांच्या खोलीत होतो. त्या माणसाने माझ्यावर चहाचा कप ठेवला. बाकी काही केलं नाही. तो गोल डाग अजून माझ्या पाठीवर आहे.

रविवार उजाडला. टेबलावर शहाजिऱ्याचा केक, काकडीची सँडविचेस, चांदीची किटली. सिरिल नवं जाकीट घालून आलेला. जोडीला पाद्री थ्रिंगसाहेब, कारण असल्या प्रसंगी ते न बोलावता येत. हेस्टर मला मांडीवर घेऊन बसली. फीत सोडलेली, पण मी मिटलेला.

"थ्रिंगसाहेब," ती म्हणाली, "तुम्ही वाचलं का हो हे? सिरिलसाहेबांना शेवटाला रडू आलं म्हणे."

"वाचलं म्हणजे काय! सगळीकडे त्याचीच चर्चा," पाद्रीबुवा केकचा तुकडा गिळत म्हणाले. "शेवट फार उदात्त. फारच."

"मग काय!" सिरिलला चेव आला. "तो बिचारा परत येतो, यंत्र जाळून टाकतो आणि वाट बघत बसलेल्या वाग्दत्त वधूशी लग्न करतो. घंटा वाजतात!"

"आणि बिशपपुढे गुडघे टेकतो," पाद्रीबुवांनी भर घातली. "माझ्या तर अंगावर काटा आला."

हेस्टर वडिलांकडे वळली. "पपा, तुम्हीही वाचलंत ना, हीच प्रत?"

मिस्टर पॉमफ्रेंनी मिशा पुसल्या. "हो तर. रात्री जागून संपवलं. मला आपला तो कुत्रा आवडला."



"कुत्रा!" सिरिल ओरडला. "कुत्रा तर विसरलोच मी! किती इमानी!"

"मुकं जनावर, पण केवढी श्रद्धा," पाद्रीबुवांनी मान डोलावली.

माझ्यात कुत्रा नाही. बिशप नाही, वाग्दत्त वधू नाही, घंटा तर नाहीतच. मनात आलं, टेबलावरून उडी मारून किटलीत जीव द्यावा. हजारो वर्षांपुढचं जग मी यांच्यासाठी उराशी बांधून आणलं, आणि यांना हौस कसली, तर कुत्र्याची!

तेवढ्यात हेस्टरने मला टेबलावर, केकच्या शेजारी ठेवलं. खिशातून हस्तिदंती सुरी काढली. पहिली बंद घडी हुडकून तिच्यात पातं घातलं आणि सावकाश ओढलं. चर्र.

तिने दुसरी घडी घेतली. चर्र. मग तिसरी. त्या शांत दिवाणखान्यात तो आवाज शिलाईवर शिलाई उसवावी तसा चालला होता. सिरिलच्या मिशीचं मेण वितळेल की काय असं वाटण्याइतका तो तापला. पाद्रीबुवा खिडकीबाहेरच्या चिमण्यांत एकदम रस घेऊ लागले.

"कुत्रा अजून सापडला नाही हं," ती म्हणाली. "शोधतेय."

"हेस्टर," मिस्टर पॉमफ्रेंचा आवाज बारीक झाला होता, "अगं, पाहुण्यांसमोर... थोडंफार सगळेच बोलतात असं."

"बोलतात ना. म्हणून तर तुम्हाला ती खोट वाटत नाही, पपा. मला वाटते. आयुष्यभर ज्याचा शब्द खरा मानून चालायचं, तो घरात शिरतानाच रडल्याचं सोंग घेऊन आला. एक दाखव म्हणालात. दाखवली. आता तुमचा शब्द तरी खरा ठरू दे."

सिरिलने टोपी घेतली. जाताना माझ्याकडे त्याने असं बघितलं, जणू मीच त्याला फसवलं होतं.

मिस्टर पॉमफ्रे कितीतरी वेळ माझ्या पाठीवरचा कपाचा डाग अंगठ्याने घासत बसले. तो निघत नव्हता. शेवटी म्हणाले, "लीड्सला थंडी फार असते. लोकरीचे मोजे ने."

आगगाडीत आणि मग लीड्सच्या भाड्याच्या खोलीत हेस्टरने मला वाचलं. कापायचं, वाचायचं, पुन्हा कापायचं. आयुष्यात पहिल्यांदा मला माणसाबद्दल बरं वाटू लागलं. मग शेवटची घडी आली. माझा घड्याळजी अखेरच्या प्रवासाला यंत्राच्या दारात उभा होता. हेस्टरने पातं आत घातलं, थांबली आणि सुरी खाली ठेवली.

"पुढचं माझं मी बघीन," ती म्हणाली.

मी संतापलो. तू पण? कितीएक वर्षं तिच्या शाळेतल्या फळीवर मी फुरंगटून बसलो होतो. पण मुली मला हाताळत, विचारत, "मिस, शेवटी काय होतं हो?" आणि ती दर वेळी सांगे, "मला नाही माहीत. मी तिथवर वाचलेलं नाही." माझ्याबद्दल माणसाच्या तोंडून निघालेलं ते एकुलतं एक खरं वाक्य. ते ऐकायची मला सवय झाली. तिचे केस पांढरे झाले तरी ते वाक्य बदललं नाही.

ती गेली. मी फिरत फिरत पुन्हा लंडनला, या काचेत आलो. आताचे मालक व्हेनसाहेब पांढरे हातमोजे घालून मला उचलतात. "बघा, शेवटची घडी अजून बंद!" असं पाहुण्यांना अभिमानाने दाखवतात. मला कापलं नाही, हाच माझा मोठेपणा! परवा एका बाईंनी विचारलं, "शेवट काय आहे याचा?" साहेब खाकरले. "गोडच आहे. येतो तो परत." मी श्वास रोखून धरला. आता कुत्रा निघतो की काय!

ज्याची दोन घड्यांपुढे जायची तयारी नाही, त्याने हजारो वर्षांपुढच्या गप्पा मारू नयेत, एवढंच माझं म्हणणं. माझा घड्याळजी अजून दारात उभा आहे. त्याला पुढे जाऊ द्यायचं असेल तर सुरी आणा. आणायची नसेल, तर वाचलं नाही म्हणा. मी समजून घेईन. पण कृपा करून कुत्र्याचं नाव काढू नका.