याला खोकला नाही

दादाचा खोकला २०१६च्या थंडीत आठ दिवसांत बरा झाला. खोकल्याचं औषध मात्र पुढे सव्वा वर्ष चालू राहिलं. आधी चमचा, मग झाकण, मग बाटली. तुषारदादा डहाणूहून वापीला चिकूचा टेम्पो नेतो. एकदा अच्छाडच्या नाक्याजवळ तो चालत्या टेम्पोत झोपला. टेम्पो शिस्तीत एका ढाब्याच्या अंगणात शिरला आणि खाटेला टेकून थांबला. वेटर येऊन विचारून गेला, काय आणू.

घरी सगळे हसले. निलमवहिनी सोडून. "खाटेवर माणूस असता तर?"

वहिनी टोपली घेऊन डहाणू ते अच्छाड सुके बोंबील विकते. वाटेवरची औषधाची सातही दुकानं तिला ठाऊक. तिने दादाचा लग्नातला, मुंडावळ्या बांधलेला फोटो झेरॉक्स केला, खाली लिहिलं, 'याला खोकला नाही', आणि दुकानोदुकानी वाटला. "डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय बाटली दिलीत तर माझे बोंबील बंद."

सहा दुकानदारांनी तिथल्या तिथे फोटो लावला. चिठ्ठीचा कायदा आधीपासून होताच, पण कायदा वर मूठभर बोंबील जादा घालत नाही.

सातवा अच्छाडचा जिग्नेशभाई. मासे न खाणारा.

"मला काय फरक पडतो, बेन?"

"खरंय," वहिनी म्हणाली. तिने टोपली त्याच्या पायरीवर ठेवली, वरचं फडकं काढलं आणि बसली. एप्रिल महिना, सकाळचे अकरा. तिला मोटारसायकलवर मीच आणलं होतं, त्यामुळे मीही बसलो.

जिग्नेशभाईने आधी तीन उदबत्त्या लावल्या, मग अख्खा पुडा. एक ट्रकवाला डोकेदुखीची गोळी घ्यायला आला आणि अर्धा किलो बोंबील घेऊन गेला. एक वाजता जिग्नेशभाईने हात जोडले.

"लावतो फोटो. देवाशेजारी लावतो."

"देवाला कशाला त्रास? काउंटरवर लावा."

तो चिकटवतच होता, तेवढ्यात दादा टेम्पो घेऊन आला. बायको दिसली तरी आधी खोकला.

जिग्नेशभाईने फोटो वाचून दाखवला. "तुम्हाला खोकला नाही."

दादा पायरीवर बसला. "सकाळपासून सहा दुकानं फिरलो. जिथे जावं तिथे मीच मुंडावळ्या बांधून उभा." मग हळू आवाजात म्हणाला, "निलम, अंग ऐकत नाही गं. बाटली नसली की हाडं मोडून येतात."

"ते मला नाही जमायचं. डॉक्टरांना जमेल." तिने हात पुढे केला. "चावी."

चावी यायला बराच वेळ लागला. तोवर मी बोंबील सरळ करत बसलो.

टेम्पो तिथेच ठेवला. मोटारसायकलवर पुढे मी, मध्ये दादा, मागे वहिनी. तिचा एक हात टोपलीला, दुसरा दादाच्या पोटाभोवती. तो इतका थरथरत होता की आरसा हलत होता. तलासरीच्या दवाखान्यापर्यंत तिने दोन्हीपैकी काहीच पडू दिलं नाही.