पागोळ्यांखालची माती

लिंबोणीच्या बुंध्याभोवतीचं पांढरं कडं कालपर्यंत दोन बोटं रुंद होतं. आज तिसरं बोटही त्यात मावलं. तिने नखाने कडेची पापडी उचलली, जिभेच्या टोकाला लावली आणि बाजूला थुंकली. मग रोपाला बांधलेल्या पट्टीवर पेन्सिलने तारीख लिहिली. पट्टीवर आता आणखी एका तारखेपुरतीच जागा उरली होती.

"काय म्हणतंय?" पलीकडच्या ओळीतून नवऱ्याने विचारलं. तो नव्या रोपांसाठी खड्डे घेत होता. पहार जमिनीवर आपटली की टणकन आवाज यायचा आणि तो क्षणभर दोन्ही हात झटकायचा.

"आहे तसंच."

गेले चार महिने ती हेच सांगत होती. चार महिन्यांपूर्वी तिने शेताच्या वेगवेगळ्या भागांतली माती पाण्यात कालवून क्षार मोजायचं मीटर लावलं होतं, आणि आकडा पाहून मीटर धुऊन पुन्हा लावलं होतं. खालचं खारं पाणी वर चढत होतं, ऊन ते शोषून घेत होतं, आणि मीठ मागे राहत होतं. ह्या जमिनीत लिंबोणी जगणार नव्हती. दुसऱ्यांदा लावली तरी नाही, तिसऱ्यांदा लावली तरी नाही. इथून निघायला हवं, हे तिने त्याच दिवशी ठरवलं होतं. सांगायचं तेवढं राहिलं होतं. आधी मुलीची परीक्षा होती. मग नवऱ्याची पाठ धरली. मग नुसतेच दिवस गेले.

"आज तो रोपवाटिकावाला येतोय," नवरा म्हणाला. "साठ रोपं सांगू ना?"

"येऊ दे तर खरा."

बावीस वर्षं तो इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करत होता. नोकरी सोडली तेव्हा सगळ्यांना सांगत सुटला होता, "इतकी वर्षं लोकांना वर पोहोचवलं, आता मला जरा जमिनीवर उतरू दे." इथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्याने विहिरीच्या पंपाचा आवाज ऐकून त्याचा आजार ओळखला होता. गोठ्याचं दार, गंजलेलं फाटक, छपराचे पत्रे, जे जे मोडलं होतं ते त्याने नीट केलं. जे मोडलेलं दिसत नव्हतं तेवढंच राहिलं.

ती हात धुवायला घराकडे आली. सासूबाई खोलीत जमिनीवर बसल्या होत्या. समोर त्यांची पत्र्याची ट्रंक उघडी होती, आणि कपड्यांचे गठ्ठे पलंगावर काढून ठेवलेले होते.

ती दारातच थांबली. इथे आल्यापासून दोन वर्षं सासूबाई ट्रंकेतूनच कपडे काढत आणि ट्रंकेतच ठेवत. कपाट रिकामं होतं. कुणी विषय काढला की म्हणत, "कायमचं कायमचं म्हणताय ते आधी मला पटू दे. सामान लावायला काय, एक सकाळ पुरे."

"आई, हे काय?"

"काय म्हणजे? त्या ट्रंकेशी वाकून वाकून माझी कंबर गेली." त्यांनी मान वर केली नाही. "आणि लेक तुझी. परवा शाळेतून आली तर मला म्हणते, आजी, तू कुठे जाणार आहेस का? म्हटलं, आता कुठे जाते बाई. जुने कागद असतील तर दे. फळ्यांवर घालते."

तिने कपाटावरचा जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा काढला आणि धूळ झटकून त्यांच्यापुढे ठेवला. निघायचं कसं सांगावं, ते वाक्य ती मनात जुळवत होती. सासूबाईंनी पहिला कागद फळीच्या मापाने दुमडायला घेतला, कडा अंगठ्याने दाबत, अगदी सरळ. ती बाहेर आली.

दुपारी रोपवाटिकावाल्याचा टेम्पो फाटकाशी थांबला. उतरून त्याने शेतावर एक नजर फिरवली.

"दादा, तिसऱ्यांदा लावताय. माझ्या रोपांना आता तुमचा पत्ता पाठ झालाय."

"ह्या वेळी खड्डे खोल घेतलेत," नवरा म्हणाला. "माझ्या पाठीला विचार हवं तर."

दोघं हसले. ती पाण्याचा तांब्या घेऊन आली. रोपवाटिकावाला पाणी प्यायला आणि गोठ्यामागे गेलेल्या वाटेकडे पाहून थबकला. तिथे भिंतीला लागून सासूबाईंनी टोमॅटो लावले होते. पाच झाडं, काठीला बांधलेली, गर्द हिरवी, फळांनी वाकलेली.

"आजी, ह्यांना काय घालता हो?" त्याने घराच्या खिडकीकडे बघत विचारलं.

"शिव्या," खिडकीतून आवाज आला. "शिकलेल्यांची झाडं माना टाकतात. माझी अडाणी आहेत, म्हणून येतात."

"आईच्या हाताचं नाही, जागेचं आहे ते," नवरा म्हणाला. "इथली माती लोण्यासारखी आहे. जमीन घ्यायच्या आधी हिने तपासायला माती मागवली होती ना, ती मी इथलीच दिली."

"इथली?" तिने विचारलं.

"अगं, अकरा पिशव्या दिल्या होत्यास, नकाशा काढून. इथून घे, तिथून घे. शेतात तर पहार नुसती उडत होती. इथे हाताने निघाली, दहा मिनिटांत अकराच्या अकरा भरल्या. नंबर मात्र तू सांगितलेस तसेच घातले." तो रोपवाटिकावाल्याकडे वळला. "आपण पाहुण्याला पुढची खोलीच दाखवतो की नाही? तसं. म्हटलं, तपासायचीच आहे तर चांगली माती देऊ."

रोपवाटिकावाला मान डोलावत हसला.

तिने वर पाहिलं. गोठ्याच्या छपराचा पत्रा भिंतीपुढे हातभर आला होता, आणि त्याच्या कडेखाली, टोमॅटोच्या ओळीलगत, मातीत पागोळ्यांनी पाडलेले छोटे खळगे होते, एकाशेजारी एक, पत्र्याच्या पन्हळींइतक्या अंतरावर. किती पावसाळे छपराचं पाणी ह्याच हातभर पट्ट्यात पडलं असेल. पडून, मुरून, मीठ खाली घेऊन गेलं असेल.

माती तपासणीच्या प्रयोगशाळेत ती नोकरीला होती, तेव्हाचा तो दिवस तिला लख्ख आठवला. अकरा नमुने. अकरा आकडे, जवळजवळ एकच. एकाच शेतातली माती चार पावलांवर बदलते, हे ती नव्याने लागलेल्या मुलींना शिकवायची. आकडे फार सारखे आले तर आधी यंत्रावर संशय घ्या, मग नमुन्यावर, मग स्वतःवर. तिने यंत्र तपासलं होतं. ते ठीक होतं. पिशव्या पुन्हा मागवायला हव्यात असं मनात आलं होतं. नुसतं आलं नव्हतं, तिने कागदाच्या कोपऱ्यात तसं लिहिलंही होतं. पण त्या संध्याकाळी घरी गेली तेव्हा नवरा बैठकीत फरशीवर शेताचा आराखडा काढत बसला होता आणि मुलगी त्यात हिरवा रंग भरत होती. दुसऱ्या दिवशी तिने तो कोपरा खोडून टाकला.

त्याने काय केलं हे त्याला अजूनही माहीत नव्हतं. काहीतरी चुकतंय हे तिने मात्र आकड्यांत तेव्हाच पाहिलं होतं.

"वहिनी, उद्या गाडी भरतोय," रोपवाटिकावाल्याने वहीत पेन्सिल टेकवली. "किती लिहू? साठ?"

"साठ," नवरा म्हणाला. "की सत्तर घेऊ? थोडी जास्तच असलेली बरी. काय गं?"

तिने रिकामा तांब्या खाली ठेवला. नवऱ्याचे तळहात तिला दिसत होते, फोडांवर नवे फोड आलेले. पिशव्यांबद्दल त्याला कधीच काही सांगायचं नाही, एवढं तिने मनाशी पक्कं केलं.

खिडकीत सासूबाई आल्या. त्यांच्या हातात दुमडलेल्या कागदाची एक अरुंद पट्टी होती.

"अगं, वरच्या फळीला कागद कमी पडतोय. आणखी आहे का कुठे?"

तिने खिडकीकडे तोंड केलं.

"आई, फळ्यांना कागद नका लावू," ती म्हणाली. "आपण इथे राहणार नाही आहोत."