पेवातल्या नागाची फुंकर

जैनथजवळच्या एका गावात, पांडुरंगरावांच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. संडासाचा खड्डा खणताना जमिनीखाली विहिरीएवढी पोकळी लागली होती आणि चंदन महाराज तिच्यात दोरीने कंदील सोडत होते. कंदील खाली गेला, ज्योत मिचमिचली आणि विझली.

"पाह्यलं? धनावरचा नाग फुंकर मारून राह्यला!" महाराज गरजले. "पण ज्याच्या गळ्यात आमचा ताईत, त्याले नाग मामा म्हनते!"

नाग फुंकर कधीपासून मारायला लागला, हे विचारायची गर्दीत कोणाला शुद्ध नव्हती. सोन्याचे हंडे किती निघतील यावरच पैजा चालल्या होत्या.

शुद्ध होती ती अश्विनीला. पांडुरंगरावांची ही थोरली लेक कोळसा खाणीच्या बचाव पथकात नोकरीला होती आणि रजेवर नुकतीच एसटीतून उतरली होती. धाकटा भाऊ करण खाली उतरायला कमरेला दोर बांधून, गळ्यात ताईत घालून उभा होता आणि आई जयवंताबाई त्याला ओवाळत होत्या. अश्विनीने पुढे होऊन दोराची गाठ सोडली.

"काऊन अपशकुन करून राह्यली वं?" जयवंताबाई कडाडल्या.

"आई, हे आपल्या आजोबाचं ज्वारी साठवायचं पेव हाय! तळाची ज्वारी सडली अन् तिथं वायू साचला. नाग ना बिग."

पांडुरंगरावांनी डोकं खाजवलं. या पेवातली ज्वारी खाऊनच ते वाढले होते, पण सोन्याच्या नादात घरचं पेव विसरले होते.

अश्विनीने कंदील पेटवून तीनदा सोडला. तिन्ही वेळा तो दोरीच्या त्याच खुणेवर विझला. "नाग काय टेप घेऊन बसला का, महाराज?"

गर्दीत कोणीतरी फिसकन हसलं. मग तिने बादली खोल सोडली, तळाशी हलवली, अलगद वर ओढली आणि आरतीच्या दिव्यावर तिरकी केली. बादलीतून काहीच पडताना दिसलं नाही, पण दिवा विझला.

"कार्बन डायऑक्साइड. हवेपेक्षा जड, म्हनून पाण्यासारखा तळाशी बसते अन् पाण्यासारखाच ओतता येते. घ्या महाराज, तुमचा नाग बादलीत आला."

"मंग ताईत घालून तुमीच उतरा ना," जयवंताबाई महाराजांना म्हणाल्या.

महाराजांना एकाएकी आपला उपवास आठवला. चप्पल शोधायलाही ते थांबले नाहीत.

"आमी खाणीत आधी यंत्रानं हवा मोजतो," अश्विनी लोकांना म्हणाली. "पाठीवर प्राणवायूची टाकी घेतल्याबिगर आत जात नाई. उघडा दिवा तर तिथं चालतच नाई, मिथेन असला का भडका उडते. अन् इथंयी दिवा जळत राह्यला म्हनून उतरू नका, विषारी वायू दिव्याले कळत नाई. एक जन पडते, त्याले काढाले दुसरा उतरते, मंग तिसरा. असे तिघं मी एकाच खड्ड्यातून काढले. तिघाईच्या गळ्यात ताईत होते."

जयवंताबाईंनी करणच्या गळ्यातला ताईत ओढून तोडला आणि त्याला छातीशी धरून त्या रडू लागल्या.

"देव मानायचा तो माना," अश्विनी म्हणाली, "पण जिथं दिवा विझते, तिथं लेकरू सोडू नका."