एक्केचाळिसाव्या पानावरचा फुगा

लिंबाएवढा फुगा, आणि त्यात चार ओळी बसवायच्या. सोमेश्वर पेंटरनं चष्मा कपाळावर सारला, पुन्हा खाली घेतला, पण फुगा काही मोठा झाला नाही. लढाईतून पळणाऱ्या मायलेकी काढल्यात कुठल्याशा गोऱ्या माणसानं, त्यांच्या तोंडापाशी हे फुगे, आणि पुस्तक छापणाऱ्या पुण्याच्या बाईंना आता त्यात मराठी हवी—तीही हातानं लिहिलेली, म्हणजे मुलांना जिव्हाळा वाटतो म्हणे. औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला आल्या, पेढ्याच्या दुकानावरची त्याची पाटी पाहिली, आणि पानांचा गठ्ठा पाठवून मोकळ्या झाल्या. चित्रकादंबरी. डोंबलाची कादंबरी. अख्ख्या पुस्तकात शंभर वाक्यं नाहीत, त्यातली नव्वद रडकी.

फ्लेक्स आल्यापासून पाट्या कोणी रंगवून घेत नव्हतं, नाहीतर असली थेरं त्यानं हातात धरली नसती. गाव पेटलंय, आणि ही पोरगी खिडकीत उभी राहून चंद्र बघते. पुढच्या पानावर बाहुलीचा निरोप घेते. पळणाऱ्याला एवढी सवड असते? मला विचारा ना—रझाकाराच्या वर्षी, अठ्ठेचाळीस साली, दोन वर्षांचा होतो मी, बैलगाडीतून पैनगंगेपलीकडे, निजामाच्या हद्दीबाहेर, उमरखेडच्या अंगाला... आजी तेवढी मागं थांबली. घर राखायला, स्वतःच्या मनानं. आम्ही परतलो तेव्हा घर होतं, आजी नव्हती. दर सतरा सप्टेंबरला, मुक्तिदिनाचा, शाळेत झेंडा झाला की गुरुजी त्याला बोलायला उभं करत, आणि गोष्ट आजीपाशी आली की त्याचा आवाज आपोआप चढायचा. आमची माणसं अशी होती, बाहुल्या कुरवाळणारी नव्हती.

पान एक्केचाळीस. म्हातारे आजोबा खुर्चीतच राहिले, मायलेकी निघाल्या. पोरगी विचारते, आजोबांना का नाही आणलं? आणि आईनं त्या एवढ्याशा फुग्यात म्हणायचं—"बाळा, कधीकधी सोडून जाणं हेही प्रेमाचंच एक रूप असतं, मोठी झालीस की कळेल तुला."

त्यानं ते मुद्दाम मोठ्यानं वाचलं, हसायला. उंबऱ्याशी त्याची माय, गोजरबाई, तुरीची डाळ निवडत बसली होती; पंचाहत्तरी उलटली तरी कान शाबूत.

"ऐकलंस का माय? पळताना असं बोलत असतंय का कोनी?"

"न्हाई," ती म्हणाली. "मी तर म्हनले, जागा न्हाई."

"कोनाला?"

"तुझ्या आजीला. बसली व्हती गाडीत. जुंधळ्याच्या बियाण्याचं पोतं मावत नव्हतं, मंग तिला उतरवलं. तुझा बाप बैलं धरून हुभा व्हता, त्यो काई बोलला न्हाई."

"ती घर राखायला थांबली ना?"

"ते मागून म्हनू लागले समदे."

"मला काहून सांगितलं न्हाई मग?"

"तू झेंड्याला बोलून राहिला व्हतास दर साली," तिनं एक खडा वेचून अंगणात टाकला. "चांगलं बोलायचास."

जागा न्हाई. दोनच शब्द. फुग्यात ऐसपैस बसले असते. त्याला मायचा राग यायला हवा होता, पण आला तो दरवर्षी चढणाऱ्या त्या आवाजाचा—टाळ्या घेण्यापेक्षा बापासारखा मुका तरी राहिलो असतो... पुण्याच्या बाईंचं वाक्य खोटं, रडकं, ते चार ओळींत तरी संपत होतं. आपलं छप्पन्न वर्षं चाललं. किळस आली त्याला, आणि ती पुस्तकाची नव्हती.

"त्या पोरीनं फुडं काय इचारलं रे?" मायनं मान वर न करता विचारलं.

त्यानं पान उलटलं. पोरगी आईचं बोट धरून चालली होती, तिच्या तोंडापाशी फुगा नव्हता. "काईच न्हाई."

"शानी हाय," माय म्हणाली.

त्याच्या जिभेवर मात्र पुढचा प्रश्न आला होता. बियाणं टाकून चालत नाही, पुढल्या साली खायचं काय, हे कळतं... पण पोतं आणखी एक असतं तर? आजी तर आधीच उतरलेली, आणि मांडीवर दोन वर्षांचं लेकरू... सकाळपासूनचं ते हसू आता हुडकूनही सापडेना. आणि माय खाली मान घालून डाळ निवडत होती, की तो विचारील म्हणून थांबली होती, तेही त्याला कळेना.