शेजारच्या पायाखालचा ब्रेक

मी एक जुना ब्रेक आहे. थांबा मित्रांनो, लगेच ‘हां, ब्रेक होय’ म्हणून मोकळे होऊ नका. गाडी चालवणाऱ्याच्या पायाखाली असतो तो वेगळा. त्याच्यावर सगळ्यांचा भरवसा असतो. मी त्याच्या शेजारी बसणाऱ्याच्या पायाखालचा. गाडी शिकवायच्या शाळेत, शिकाऊ गाडीला असा एक जादा ब्रेक लावतात. शिकणारा चुकला की शेजारचे मास्तर तो दाबतात. म्हणजे माझा जन्मच मुळी संशयापोटी झालेला आहे. तेव्हा माझा स्वभाव असा का, हे मला विचारू नका.

आमचे मास्तर बोलायला फार गोड. ‘छान, अगदी छान, गाडी तुमच्याच हातात आहे,’ असं म्हणायचे आणि त्याच वेळी बूट माझ्यावर टेकवून बसायचे. चौकात समोरून कोणी आलं की शिकणारा भांबावायचा, मास्तर मला हळूच दाबायचे आणि गाडी उभी राहायची. शिकणारा घाम पुसत म्हणायचा, ‘बघा मास्तर, थांबवली की नाही?’ मास्तर म्हणायचे, ‘वा!’ थांबवलेली असायची मी आणि मास्तरांनी. असे कितीतरी लोक मी पास करून दिले. त्यांतल्या एकानेही खाली वाकून माझ्याकडे पाहिलं नाही.

पुढे ती गाडी म्हातारी झाली आणि आम्ही सगळे भंगारात गेलो. तिथे फुटक्या बादल्यांच्या आणि झाकणांच्या ढिगात मी बरेच दिवस पडून होतो. माझी तार माझ्याच गळ्याभोवती गुंडाळलेली होती. पाऊस आला की मी गंजायचो आणि ऊन पडलं की तापायचो. तिथल्या एका मांजरीला माझ्या पट्टीवर पाठ घासायची सवय होती. मला तिचाही संशय यायचा, पण तिला खरंच फक्त पाठ खाजवायची असावी.

एक दिवस तिथे एक बाई आली. ती फाटकं आणि खिडक्यांच्या जाळ्या बनवायची. वेल्डिंगच्या ठिणग्यांनी तिच्या ओढणीला बारीक भोकं पडलेली होती. ती आली होती लोखंडी पाइप बघायला, पण मला पाहून थबकली. तिने मला उचललं, दाबून पाहिलं आणि भंगारवाल्याला विचारलं, “हा शिकाऊ गाडीतला ना?”

“हो. पण तुम्हाला काय करायचाय, ताई?”

ताईने पैसे मोजून दिले. तिने मला पिशवीत अगदी तळाशी घातलं आणि वर चिंध्या कोंबल्या. मनात शंकेची पाल चुकचुकली ती तेव्हाच. सरळ कामासाठी नेत असलेल्या वस्तूला कोणी चिंध्यांखाली लपवतं का, सांगा बरं.

तिच्या दुकानामागच्या अंगणात पोचलो तेव्हा सगळा प्रकार कळला. तिचा धाकटा भाऊ गाड्या दुरुस्त करायचा. त्याला सगळे बारक्या म्हणत. अंगाने तो दारात मावत नसे, पण लहानपणीचं नाव चिकटलं ते चिकटलं. या बारक्याने एकदा गिऱ्हाइकाची गाडी तपासायला म्हणून रस्त्यावर काढली होती. शेजारी ताई होती. खडीवर गाडी घसरली आणि खड्ड्यात आडवी झाली. ताईचा हात मोडला. हात जुळून आला, पण बारक्याने ब्रेक उशिरा दाबला असं जो तो म्हणत राहिला. बारक्याला स्वतःलाही तसंच वाटे. त्या दिवसापासून तो गाडी चालवायला बसला नव्हता. गाडी दुरुस्त करायची आणि ती नीट चालते का हे बघायला दुसऱ्या कोणाला तरी बोलवायचं. अशा कारागिराकडे गिऱ्हाईक किती दिवस येणार? एकेक जण दुसरीकडे जाऊ लागला होता.

तेव्हा ताईनेच तोडगा काढला. “लोकांची गाडी नकोच. आपण आपलीच बनवू,” ती म्हणाली. “जुन्या खाणीत फिरवू. तिथे ना रस्ता, ना माणसं. मोडली तर आपली मोडेल.” दुसऱ्या दिवशी सकाळी बारक्याने अंगणात खडूने गाडीचा आकार आखला.

मित्रांनो, तुम्ही अशी गाडी पाहिली नसेल. मी पिशवीच्या फटीतून सगळं बघत होतो. इंजिन एका टेम्पोचं. ते गुरगुरायचं फार आणि काम करायचं बेताचं. पुढची चाकं एका जुन्या मोटारीची, मागची जीपची. त्यामुळे गाडी सदा काहीतरी हुंगत असल्यासारखी पुढे वाकलेली. सांगाडा ताईने फाटकाच्या उरलेल्या पाइपांचा जोडला. एका बाजूला फाटकाची वेलबुट्टी तशीच राहिली, कारण ती कापायचा तिला कंटाळा आला. चालवणाऱ्याची बैठक बसमधली. शेजारची बैठक म्हणजे केस कापायच्या दुकानातली खुर्ची. ती आधी गोल फिरायची, ताईने ती जागेवर वेल्ड करून टाकली. आता इतक्या ठिकाणांहून आलेल्या लोकांवर विश्वास कसा ठेवायचा? प्रत्येक जण कुठून तरी काढून टाकलेला. का काढलं, हे एकही सांगायला तयार नव्हता.

सगळ्यांत जास्त संशय मला होता हँडब्रेकचा. तो एका व्हॅनमधून आलेला, फार मोजकं बोलणारा. बारक्याने तो बरोबर मधोमध लावला नाही. त्याने जागा मापली, पुन्हा मापली आणि जरासा सरकवून केस कापायच्या खुर्चीच्या बाजूला बसवला. मला वाटलं, ह्याचं माप चुकलं. नाहीतर कुठेतरी पाणी मुरतंय.

बारक्या टायर आणायला गेला, ती वेळ साधून ताईने मला पिशवीतून काढलं. खुर्चीसमोर, पाय पडेल अशा ठिकाणी मला वेल्ड केलं. माझी तार चालवणाऱ्याच्या ब्रेकपर्यंत नेली आणि एका पिनेने तिथे अडकवली. आता मला दाबलं की तो ब्रेकही ओढला जाणार होता. मग तिने माझ्यावर एक फाटकं पायपुसणं पसरलं. मनातून मला आनंदच झाला. इतक्या वर्षांनी कोणाला तरी माझी गरज वाटली होती.

पायपुसण्याने बारक्या फसणार आहे थोडाच? आला, टायर खाली ठेवला आणि थेट येऊन पायपुसणं उचललं.

“हा कशाला?”

“पाय ठेवायला,” ताई म्हणाली. तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

“पाय ठेवायला,” बारक्याने तेवढंच म्हटलं. पायपुसणं जसं होतं तसं पसरलं आणि टायर बसवायला लागला. तो रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. मूग गिळून बसणाऱ्या माणसाचं मला काही कळत नाही.

त्यांची आई रोज एकदा अंगणात येऊन गाडीभोवती फेरी मारायची. “हिला दारं कुठायत?” असं विचारायची.

“नाहीत, आई.”

“मग माणसं आत राहणार कशी?” ती विचारायची आणि उत्तर न ऐकता घरात जायची. ह्या घरात माझ्यासारखा विचार करणारी ती एकटीच होती.

खाणीत जायच्या दिवशी सकाळी ताई पाण्याच्या बाटल्या भरत होती. बारक्या गाडीखाली शिरला. त्याच्या हातात पक्कड होती. माझ्या तारेचं पलीकडचं टोक मला दिसत नाही, पण तारेला बसलेला हिसका कळतो. एक हिसका बसला. मग तार सैल पडल्यासारखी वाटली. बारक्या बाहेर आला, हात पुसले आणि काहीतरी खिशात टाकलं. मी ओरडून सांगितलं असतं, पण ब्रेकचं ओरडणं चाकांपाशी ऐकू येतं, आणि चाकं तर उभी होती.

खाणीपर्यंत गाडी एका ओळखीच्याच्या ट्रॉलीवर नेली. खाण जुनी, दगड काढून सोडून दिलेली. एक कच्चा उतार सरळ खाली जात होता आणि खाली जिथे तो संपत होता तिथे पाण्याने भरलेला मोठा खड्डा होता. बारक्या बसच्या बैठकीत बसला. ताई केस कापायच्या खुर्चीत बसली, पट्टा आवळला आणि तिचा पाय माझ्यावर आला. मास्तरांचा बूट आठवला.

“भीती वाटते का?” बारक्याने विचारलं.

“छे. गाडी तुझ्या हातात आहे,” ताई म्हणाली. अगदी मास्तरांसारखी.

सुरुवातीला सपाटीवर दोन चकरा झाल्या. इंजिन गुरगुरलं, वेलबुट्टी खडखडली. बारक्याचे ओठ घट्ट मिटलेले होते. मग त्याने गाडी उताराच्या तोंडाशी आणली आणि खाली सोडली. खडी चाकांखाली सरकू लागली. अपघाताच्या दिवशीही असाच आवाज आला असणार. मागची चाकं किंचित घसरली. पाण्याचा खड्डा जवळ येऊ लागला. ‘दाब गं बाई, आता तरी दाब,’ मी म्हणत होतो. आणि ताईने मला दाबलं. दोन्ही पायांनी, डोळे मिटून, सगळा जीव एकवटून.

मी खाली गेलो आणि पोकळ खाली गेलो. तारेच्या टोकाला काहीच नव्हतं. माझी खात्रीच पटली. बारक्याने काढली होती पिन. आता आम्ही सगळे पाण्यात जाणार होतो आणि दोष शेवटी ब्रेकलाच मिळणार होता.

पण गाडी थांबली. झटका न देता, हळूहळू, खडीला धरून धरून थांबली. खड्डा अजून चांगला लांब होता. इंजिन बंद झालं आणि खाणीत इतकी शांतता पसरली की वेलबुट्टीची टकटक ऐकू येत होती.

ताईने डोळे उघडले. तिला रडू फुटलं. “मी दाबला रे,” ती म्हणाली. “तुला खोटं नाही सांगत. पाय ठेवायला नव्हता तो. माझा धीर सुटला आणि मी दाबला.”

बारक्याने खिशात हात घातला आणि एक छोटी पिन तिच्या तळहातावर ठेवली.

ताई त्या पिनेकडे बघत राहिली. काय झालं ते तिच्या ध्यानात आलं तसा तिचा चेहरा लाल झाला. “अरे, आणि तुझा पाय चुकला असता म्हणजे? मेलोच असतो की दोघं.”

“तुझा हात कुठेय बघ,” बारक्या म्हणाला.

तिचा हात हँडब्रेकजवळ होता. हँडब्रेक तिच्या खुर्चीच्या अगदी कडेला होता, तिने नुसता ओढला असता तरी गाडी अडली असती. तो तिच्या हाताशी यावा म्हणूनच बारक्याने मधोमध लावला नव्हता. आणि मी त्याच्या मापावर संशय घेत बसलो होतो.

“तो होताच तुझ्यासाठी,” बारक्या म्हणाला. “ओढला असतास तर मला दिसलं असतं. पण हा खाली, पायपुसण्याखाली. तू हा दाबला असतास आणि गाडी थांबली असती, तर कोणी थांबवली हे मला जन्मात कळलं नसतं, ताई.”

मित्रांनो, हे ऐकलं आणि मला शिकाऊ गाडीतले ते सगळे लोक आठवले. ‘बघा मास्तर, थांबवली,’ म्हणणारे. मी त्यांना अपघातातून वाचवलं हे खरं, आणि तसं वाचवायलाच हवं होतं. पण त्यांतल्या कितीजणांना आपला पाय अजून कच्चा आहे हे कळलंच नसेल. त्याचं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाईट वाटलं.

ताईने डोळे पुसले. पिन पदराच्या टोकाला बांधावी तशी ओढणीच्या टोकाला गाठ मारून बांधली. “चल वर,” ती म्हणाली. “पुन्हा उतार घे. ह्या खेपेला मी डोळे उघडे ठेवते.”

आता बारक्या गिऱ्हाइकांच्या गाड्या स्वतः चालवून बघतो. सुट्टीच्या दिवशी दोघं आमची ही विचित्र गाडी खाणीत फिरवतात. आई अजून दारं कुठायत म्हणून विचारते, पण एकदा तीही केस कापायच्या खुर्चीत बसून आली. माझी तार पुन्हा कोणी जोडली नाही. ताई माझ्यावर पाय टेकवून निवांत बसते. ‘पाय ठेवायला’ असं ती तेव्हा खोटं बोलली होती, ते आता खरं झालं आहे.

तेव्हा मित्रांनो, माझं एवढं ऐका. गाडीचे ब्रेक वेळच्या वेळी तपासा, तारेला तेल द्या, पिन गंजू देऊ नका. आणि कोणी शिकत असेल तर शेजारी जरूर बसा. वाचवायची सोय ठेवा, पण ती त्याला दिसेल अशी ठेवा. पायपुसण्याखाली ठेवू नका. मी जिवंत आहे तोवर संशय घेतच राहणार, माझा इलाज नाही. परवापासून गाडीला एक नवा हॉर्न लावलाय. तो कुठून आला, काही सांगत नाही. मी त्याच्यावर लक्ष ठेवून आहे. पण बारक्या उतारावर गाडी सोडतो ना, तेव्हा मी स्वस्थ पडून असतो.