डाव्या कुशीची उशी

मित्रांनो, नवा ब्लाउज शिवायला टाकताना शिंप्याकडे मापाला जुना ब्लाउज नेतात, हे तुम्ही पाहिलं असेल. त्या जुन्या ब्लाउजला तेव्हा काय वाटत असेल, याचा विचार तुम्ही बहुधा केला नसेल. मी केला आहे. मी एक जुनी उशी आहे, आणि माझ्याच जागी येणारी नवी उशी निवडायला मला बोईसरच्या दुकानात मापाला नेलं होतं. पिशवीत घालून. पिशवीत सोबतीला कांदे होते.

पण मी फार पुढचं बोलले. माझा जन्म डोंगराकडच्या एका पाड्यावर झाला. तिथे उन्हाळ्यात सावरीची बोंडं तडकतात आणि कापूस वाऱ्यावर फिरायला निघतो. लाडकी नावाच्या बाईने तो धावत धावत गोळा केला, बिया काढल्या आणि जुन्या लुगड्याच्या खोळीत ठासून भरला. ती मी. थोडा कापूस तिच्या नवऱ्याच्या, झिपरूच्या, मिशीत जाऊन बसला. तो अजून तिथेच असावा असा माझा संशय आहे. त्या हिशेबाने झिपरूची मिशी ही माझी सख्खी बहीण.

माझ्यावर पहिलं डोकं टेकलं ते त्यांच्या मुलाचं, मिथुनचं. भात पिकलं की रानडुकरं यायची. झिपरू शेतातल्या माळ्यावर राखणीला बसायचा आणि खाली खोपीत मिथुन माझ्यावर झोपायचा. दोरीचं एक टोक झिपरूच्या हातात, दुसरं मिथुनच्या पायाच्या अंगठ्याला. डुक्कर आलं की झिपरू दोरी ओढायचा, मिथुन उठून पत्र्याचा डबा बडवायचा. एकदा झिपरूने दोरी इतकी जोरात ओढली की मिथुन झोपेतच खोपीबाहेर आला. त्याला तसा सरपटत येताना पाहून डुक्कर घाबरलं आणि त्या हंगामात परत आलं नाही. मित्रांनो, मी बरीच डोकी पाहिली, पण त्या पोरासारखी गाढ झोप कुणाची पाहिली नाही. त्याला माहीत होतं की वर कुणीतरी जागं आहे.

पुढे मिथुनचं सपनाशी लग्न झालं. तारापूरच्या एका रसायनांच्या कारखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली त्याला काम लागलं, कारखान्यांना लागूनच सालवडला खोली मिळाली, आणि टेम्पोत पाण्याच्या ड्रमवर बसून मी शहरात आले. ते माझे कौतुकाचे दिवस. मिथुनच्या पाळीला बबलू नावाचा खानदेशातला मुलगा होता. तो सुट्टीच्या दिवशी जेवायला यायचा आणि जेवण झालं की न विचारता माझ्यावर आडवा व्हायचा.

"मिथ्या, ही उशी मला देऊन टाक. बदल्यात माझा मोबाइल घे."

"तुझा मोबाइल वायर लावल्याशिवाय चालत नाय."

"मंग उशी तरी कुठे चालते?" असं म्हणून बबलू घोरायला लागायचा. माझी इतकी स्तुती त्याच्या आधी आणि त्याच्या नंतर कुणी केली नाही.

मग मी दबत गेले. सावरीचा कापूस उन्हात टाकला की फुगतो, पण सालवडच्या त्या खोलीला ऊन मिळायचं ते समोरच्या भिंतीवरून परत आलेलं. सपना मला उचलून म्हणायची, "ही उशी हाय का चपाती?" आणि पुन्हा तिथेच ठेवायची. दुर्लक्ष असंच असतं. कुणी शिवी देत नाही, फक्त कुणी उन्हात टाकत नाही.

पुढचं मी तिथे नसताना घडलं, तरी मला माहीत आहे. उशीला कान नसतात, पण आयुष्यभर तिच्याकडे कानच येतात. डोक्यात जे साचतं ते कानावाटे झिरपत आमच्यात उतरतं. डॉक्टर हे मानत नाहीत.

त्या दिवशी बबलूने सलग दुसरी पाळी केली होती. जेवणाच्या सुट्टीत तो रिकाम्या गोण्यांवर, हात उशाला घेऊन, कुशीवर झोपला. मिथुन जवळच डबा धूत होता. रिॲक्टरकडून आधी नुसता सूं असा आवाज आला. मिथुनने तो ऐकला. त्याने बबलूला हाक मारली, मग आणखी मोठ्याने मारली. बबलू उठला नाही. मिथुन त्याला हलवायला पुढे निघाला आणि उजवीकडचं सगळं पांढरं झालं.

मिथुनचं उजवं अंग गालापासून कमरेपर्यंत भाजलं. उजवा कान गेला. बबलू सगळाच गेला. भोंगा वाजला, नाही असं नाही. सगळं झाल्यावर वाजला. बहुधा श्रद्धांजली म्हणून.

दवाखान्यात मिथुनच्या मांडीची कातडी काढून उजव्या अंगाला लावली. घरी सोडताना डॉक्टरांनी सपनाला समजावलं, "डाव्या कुशीवरच झोपवा. उजवीकडे वळला तर नवी कातडी फाटेल. मग परत ऑपरेशन. आणि आता मांडीवरून काढण्यासारखं फारसं उरलेलं नाही."

उताणं झोपणाऱ्याला माझ्यासारखी चपाती चालते. कुशीवर झोपायचं तर खांदा मध्ये येतो, आणि कानापासून जमिनीपर्यंत जी पोकळी राहते ती कुणीतरी भरून काढावी लागते. ते माझ्याच्याने होईना. मिथुनची मान खाली लटकायची, डावा खांदा सुन्न पडायचा. त्याला झोप लागायची नाही, आणि लागली की तो दचकून उजवीकडे वळायचा. पट्टीवर लाल डाग उमटायचा. सगळे माझ्याकडे बघायचे. मी काय बोलणार!

मिथुनला सांभाळायला झिपरू गावाहून आला होता. लाडकी कोंबड्यांपाशी गावीच होती. मिथुनला रिक्षात बसवणं शक्य नव्हतं, म्हणून सपनाने ठरवलं, "बाबा, तुमीच चला. तुमचा न् यांचा खांदा एकाच मापाचा हाय. तुमी झोपून दाखवा."

झिपरूने जन्मात कधी उशी वापरली नव्हती. तो स्वतःच्या हातावर झोपायचा. हे म्हणजे अनवाणी माणसाला बूट निवडायला नेण्यासारखं होतं. पण तो निघाला. मी पिशवीत, कांदे पिशवीत.

दुकानदार मेहुलभाई भला माणूस होता. त्याने मला पिशवीतून काढलं, दोन बोटांनी दाबलं आणि डोळे मिटले. डॉक्टर नाडी बघून बाहेर येतात तसा चेहरा त्याने केला.

"काका, या गादीवर डाव्या करवटवर झोपा."

"चपला काढू का?"

"काढा ना."

झिपरू प्लॅस्टिकचं वेष्टण असलेल्या जाड गादीवर चढला. वेष्टण असं काही कुरकुरलं की बाहेरून जाणारी दोन माणसं थांबली. पहिली उशी आली.

"कशी हाय बाबा?"

"फुसकी."

दुसरी आली. सपनाने वाकून बघितलं, तर झिपरूची मान छताकडे वळलेली.

"ही नको. कोंबडीची मान अशी मोडतात."

तिसरी मध्ये खोलगट आणि दोन्ही बाजूंनी उंच होती. मेहुलभाईने तिच्याविषयी जे सांगितलं त्यात परदेशातले बरेच डॉक्टर होते. झिपरूने तिला कुरवाळून बघितलं.

"हिला पोक आलाय. बिचारी."

चौथ्या उशीवर झिपरू काहीच बोलला नाही. सपनाने केरसुणीची एक हीर मागून घेतली आणि त्याच्या डोक्यापासून पाठीच्या कण्यापर्यंत धरून बघितली. सरळ. अगदी एका रेषेत. झिपरू घोरायला लागला. मुलगा भाजल्यापासून तो पहिल्यांदाच झोपला होता. बाहेरच्या गर्दीतली एक बाई हळूच म्हणाली, "गेले का हो?"

"नाय, पसंत पडली," सपना म्हणाली.

त्या नव्या उशीला गुळगुळीत पिशवी, पिशवीला चेन, आणि चेनला एक चिठ्ठी होती. माझ्यावर कुणी कधी चिठ्ठी लावली नव्हती. येताना तिला मांडीवर घेतलं. मी कांद्यांत. झिपरूने माझी पुढची सोयही लावून टाकली होती. "हिला गावाला नेतो. खुडूक कोंबडीच्या खाली घालू." मित्रांनो, डोक्यांकडून कोंबडीच्या खाली ही बदली अवघड होती, पण मी मन घट्ट केलं. कोंबडी निदान घोरत नाही.

घरी मिथुनला नव्या उशीवर डाव्या कुशीला निजवलं. मान लटकली. जशी माझ्यावर लटकायची तशीच.

सपना रडायच्या बेतात आली. "दुकानात तं हीर सरळ व्हती!"

झिपरू बराच वेळ फरशीकडे बघत बसला. चटई, चटईवर गोधडी, खाली फरशी. मग त्याने कपाळावर हात मारला. "अगं, दुकानात मी गादीवर व्हतो. खांदा गादीत बुडला व्हता. इथं खांदा बुडल कशात?"

या घरातलं कुणी आजवर गादीवर झोपलंच नव्हतं, त्यामुळे गादी माणसाला गिळते हे कुणाच्या लक्षात यायचं कारण नव्हतं. मेहुलभाईच्याही लक्षात आलं नाही, कारण फरशीवर झोपणारी माणसं त्याच्याकडे येत नाहीत.

मग सपनाने मला पिशवीतून ओढलं, झटकलं आणि नव्या उशीच्या खाली घातलं. हीर धरली. सरळ. कोंबडीची वाट बघणं संपलं. माझा मान परत आला, फक्त वरून नाही, खालून. शिवाय मला कांद्याचा वास येत होता. पण काम ते काम.

आता मिथुन झोपेल असं सगळ्यांना वाटलं. मला वाटलं नाही. मला खरं कारण माहीत होतं. पण मला तोंड नाही, आणि आता तर माझ्या तोंडावर दुसरी उशी.

डोळा लागला की मिथुन दचकायचा आणि उजवीकडे वळायचा. सपनाने त्याच्या पाठीमागे तांदळाची गोणी लावली. त्याने झोपेतच ती ढकलली. पट्टीखाली कातडीचा एक कोपरा उसवला. दुसऱ्या दिवशी पट्टी बदलताना तो कोपरा बघून सपनाचा तोल गेला.

"उंची बरोबर केली, गोणी लावली, आता काय खिळे ठोकू? परत मांडी सोलून द्यायची हाय का? कुठनं देशाल? माझी देऊ?"

मिथुन भिंतीकडे बघत म्हणाला, "या कुशीवं कायच ऐकू येत नाय."

"म्हंजे?"

"हाच एक कान राहिलाय. तो उशीत गेला की सगळं बंद. भोंगा वाजला तं? सूं झालं तं?" मग म्हणाला, "बबल्या पण असाच झोपला व्हता, कुशीवं. मी हाका मारल्या. त्याला वाटलं असंल, कोण तरी हाय जागा."

शेजारच्या किंजलकडे टीव्हीवर कुणीतरी कुणाला घराबाहेर काढत होतं.

झिपरू उठला. दवाखान्याच्या पिशवीतून त्याने पट्टीची गुंडाळी काढली, लांब तुकडा फाडला, एक टोक मिथुनच्या पायाच्या अंगठ्याला बांधलं आणि दुसरं स्वतःच्या मनगटाला.

"झोप. मी हाय माळ्यावं."

भाजल्यानंतर पहिल्यांदाच मिथुनच्या तोंडावर हसू आलं. अर्ध्या तोंडावर. दुसरं अर्धं अजून पट्टीत होतं.

"हितं डुक्कर कुठंय बाबा?"

"हाय. मोठं हाय. तू झोप."

"तुमाला ऐकू येतं का नीट?"

"ओंबीला तोंड लावायच्या आधी मला डुक्कर ऐकू येतं. भोंगा नाय येणार?"

मिथुनने डावा कान उशीवर टेकवला. वरची नवी उशी दबली, मग मी दबले. त्याचं सगळं वजन आमच्यात उतरलं, जसं खोपीत उतरायचं. तो दचकला नाही. वळला नाही. पट्टीवर डाग आला नाही. सपना थोडा वेळ बघत राहिली, मग डोळे पुसून, डबा घेऊन दुपारच्या पाळीला गेली. तीही कंपनीतच काम करते, पॅकिंगला. दुसऱ्या कंपनीत. त्याने फारसा फरक पडत नाही.

मित्रांनो, माझी गोष्ट इथेच चांगल्या शेवटाला आली असती. पण मी आत्ता बोलते आहे ते याच दुपारी. मिथुन गाढ झोपला आहे. झिपरू भिंतीला टेकून बसला आहे, मनगटावर पट्टी गुंडाळून. मुलगा भाजल्यापासून हा म्हातारा फक्त एकदाच झोपला, तोही दुकानात. त्याची मान हळूहळू खाली येते आहे. आता हनुवटी छातीला लागली. मिशी श्वासागणिक हलते आहे. दोघांमधली पट्टी ढिली पडली आहे.

तुम्ही नवी उशी घ्याल तेव्हा ज्या जमिनीवर झोपणार, त्याच जमिनीवर आडवं होऊन बघा. झोपणाऱ्याचा कान कुठला, तेही विचारा. जुनी उशी टाकू नका, उन्हात टाका. एवढंच सांगायचं होतं खरं तर.

पण बाहेर कुठेतरी सूं असा आवाज येतो आहे. किंजलचा कुकर असेल. बहुतेक कुकरच. कुकर असेल तर आता शिट्टी होईल.

अजून झाली नाही.

मित्रांनो, कुणीतरी जागं राहा. मी जागी आहे, पण मला हात नाहीत.