मेणाच्या विष्णूचे डोळे

मूर्ती कांशाची झाल्यावरच तिचे डोळे उघडतात, हे आमच्या भट्टीवरच्या कुत्र्यालाही ठाऊक आहे. मंदिराचा कारभार पाहणारे म्रतान शिखर मात्र त्या अधिकारावर नवे होते. सकाळीच मिरवणुकीनं आले, मी दोन महिने घडवलेला मेणाचा चतुर्भुज विष्णू पाहून भारावले आणि तुपामधात बुडवलेल्या सोन्याच्या सुईनं त्याचे दोन्ही डोळे उघडून मोकळे झाले. शंख वाजले.

आमचे ओतारी कंसू, भट्टीवर सगळे ज्यांना मानानं वाप म्हणतात, पान चघळत होते.

"झालं?"

"झालं. देव आला."

"बरं. आता मातीत लिंपून भाजतो. मेण वितळून गेलं की कांसं ओततो."

"देवाला वितळवणार? जीभ झडेल तुझी, कंसू!"

"ती भट्टीजवळ कधीच भाजलीय. मग काय करू?"

"कुणी हात लावायचा नाही!"

पौर्णिमेला ओतकाम झालं नाही, तर राजाचं काम उत्तरेच्या भट्टीला जाणार होतं. वाप मात्र मला म्हणाले, "ताय, वरचं छप्पर काढ. लोकांना दर्शन नको का?"

छप्पर काढलं. चैत्राचं ऊन देवावर आलं. आम्ही सावलीत भात आणि आंबवलेला मासा खायला बसलो. म्रतान उन्हात पहारा देत उभे राहिले.

दुपारी चक्राचा हात वाकू लागला.

"वाप, हात खाली येतोय!"

म्रतानांच्या तोंडी कंसूचा वाप झाला, हे माझ्या लक्षात आलं.

"आशीर्वाद देत असतील."

"अहो, चक्र गळतंय!"

"हात लावायचा नाही, तुम्हीच म्हणालात."

"काहीतरी करा हो!"

"मातीत लिंपलं तर वाचेल. पण हुकूम तुमचा हवा. सगळ्यांसमोर, मोठ्यानं."

म्रतानांनी हुकूम दिला. मिरवणुकीला दुसरं काही सुचेना, म्हणून पुन्हा शंख वाजले.

गार पाण्याचे हबके मारत मी हात सरळ केला. डाव्या डोळ्यातला सुईचा ओरखडा बुजवायला गेले, तर वापांनी मनगट धरलं.

"राहू दे. म्रतानांची सेवा आहे ती."

पौर्णिमेला ओतकाम झालं. उत्तरेच्या भट्टीचे लोक फजिती बघायला आले होते, ते जेवून गेले.

ओरखडा कांशातही उतरला. त्यामुळे देव किंचित तिरपा बघतो, नेमका मंदिरातल्या म्रतानांच्या आसनाकडे. त्यांनी आसन दोनदा हलवलं. हल्ली ते खांबाआड बसतात.